दहापैकी चार

शालन, काल तुझा तेरावा झाला आणि पंगतीतून मी अर्ध्या पानावरून उठले.

तुझ्या माहेरच्या, लोणी गावच्या चुलतीनं "काय झालं वो बाई?" म्हणत माझा हात धरला. मी तो झटकला. झालं होतं एवढंच, की माझ्या डाव्या अंगाची बाई उजव्या अंगाच्या बाईला म्हणाली, "शालनबाई लई सोशीक. शेवटपत्तूर तोंडातनं हूं का चूं काढलं न्हाय." उजवीकडची मान हलवत म्हणाली, "आताच्या पोरींनी शिकण्यासारखं हाय." आणि समोरच्या रांगेतला कुणी एक पाहुणा, ज्याचं तोंड तू जन्मात बघितलं नसशील, बुंदीचा लाडू फोडता फोडता बोलला, "कदी तक्रार न्हाय बगा त्या माउलीची." तो अख्खा लाडू त्याच्या नरड्यात कोंबावा असं मला वाटलं. उठले ते गोठ्याकडं जाऊन उभी राहिले.

तक्रार नव्हती म्हणे! तुझ्या उजव्या गालात दिवसातून कितीदा वीज शिरायची ते त्या लाडूवाल्याला काय ठाऊक? तू मला सांगायचीस, "वन्सं, हिरीवरच्या मोटारीच्या पेटीला वला हात लागल्यावर बसतोय ना, तसला करंट." घास चावला की करंट. वाऱ्याची झुळूक आली की करंट. बोलायला तोंड उघडलं की करंट. ज्या बाईला बोलण्यानंच दुखतं तिनं तक्रार करायची कशी, सांग बरं मला. आणि नाही केली की हे लोक तिला शाबासकी देणार, तीही ती मेल्यावर, गोड जेवण चेपत.

आज रजा टाकून इंदापूरला घरी बसलेय. नवरा म्हणाला, पड जरा. पडून काय करू? डोकं तापलंय. म्हणून तुझ्याशीच बोलते. नाहीतरी आपलं भांडण अर्धं राहिलंय.

तू लग्न होऊन वडगावला आलीस तेव्हा आपण दोघी एकाच वयाच्या. आईनं मला बजावलं होतं, भावाची बायको आहे, 'अहो वैनी' म्हणायचं. मी चार दिवस म्हटलं. पाचव्या दिवशी गोठ्यात शेण काढताना तू घसरून पडलीस, मी पोट धरून हसले, आणि तू बसल्या जागेवरून शेणाचा पो माझ्या अंगावर भिरकावलास. तिथून पुढं मी 'अगं शालन' वर आले. तू मात्र हट्टानं 'वन्सं, तुमी' करत राहिलीस. मी चिडायचे म्हणून जास्तच करायचीस. चारचौघांत 'वन्सं, च्या घेता का?' म्हणून मान लववायचीस आणि पदराआड हसायचीस, लबाड कुठली.

आणि तुला तोंड नव्हतं असं कुणी म्हणू नये. माझी एसटीत कंडक्टर म्हणून निवड झाली तेव्हाचा तमाशा आठव. लग्न झालेली बाई, बाप्यांच्या गर्दीत तिकिटं फाडणार! माझे सासरे इंदापूरहून गाडी करून वडगावला आले, माझ्या वडलांना, आबांना मध्ये घालून मला समजवायला. ओसरीवर सगळे पुरुष. दादा म्हणाला, "लोकं हसत्याल." मी आत रडत होते. तू डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे नेलास, खाली ठेवलास आणि तिथंच उभी राहून म्हणालीस, "लोकं चार दिवस हसत्याल, आबा. पगार दर महिन्याला यील. वन्संना जाऊ द्या." सून बैठकीत पहिल्यांदा बोलली होती. माझे सासरे नुसते "चहा गार होतोय" म्हणाले, आणि विषय संपला.

आज माझ्या घरात जे काही उभं आहे त्यात तुझा वाटा आहे, शालन. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. आता म्हणते. माझ्यासाठी तुला तोंड होतं, तुझ्या लेकीच्या, प्राजूच्या शिक्षणासाठी होतं, शेजारणीच्या दारुड्या नवऱ्याला झाडायला होतं. फक्त स्वतःसाठी नव्हतं. म्हणून तर जीव जळतो माझा.

दुखणं सुरू झालं ते सकाळी मशेरी लावताना. बोट उजव्या हिरडीला लागलं आणि तू किंचाळून खाली बसलीस. आई म्हणाली, मशेरीनं दाढ किडली. सगळ्यांना पटलं. दादा तुला बारामतीला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि दाढ काढून आणली. महिनाभर तू बरी होतीस. मग पुन्हा सुरू. आता शेजारची दाढ. ती काढली, पुन्हा थोडे दिवस बरं, पुन्हा सुरू. असं करत करत उजवीकडची वरची सगळी ओळ गेली. दर वेळी थोडा आराम पडायचा ना, त्यामुळं दात उपटणाऱ्यालाही वाटायचं आपण बरोबर, आणि आपल्यालाही. दुखणं आपल्या मर्जीनं जायचं नि आपल्या मर्जीनं यायचं, हे कुणाला कळणार? चांगले दात होते तुझे. ऊस सोलायला तुला कोयता लागायचा नाही.

मग ज्याला जे सुचेल ते. लवंग धर, राख लाव, वारं शिरलंय, कान झाक. तू मे महिन्यात पंखा बंद करून डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचीस, कारण पंख्याचं वारं गालाला लागायचं. आई बडबडायची, "आमी बाळंत व्हऊन चौथ्या दिशी खुरपायला गेलोय. दाढदुखीनं कोण झोपून ऱ्हातं व्हय?" एका डॉक्टरनं दादाला विचारलं, घरात काही टेन्शन आहे का? भांडणं? आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. वर म्हणाला, बाईंच्या मनाचा खेळ आहे. मनाचा खेळ! त्याच्या गालात एकदा खुपसायला पाहिजे होती मोटारीची वायर.

दादाला मी वाईट म्हणणार नाही. तुला वारं लागू नये म्हणून तो मोटारसायकल सोडून मुद्दाम चारचाकी सांगायचा, काचा बंद करून उन्हात घामाघूम होत तुला न्यायचा. पण डॉक्टरसमोर बसलं की तोच बोलायचा. डॉक्टर तुला विचारायचे, "काय होतंय?" आणि दादा सांगायचा, "दात दुखतोय तिचा." संपलं. दुखणं तुझं, तोंड तुझं, आणि सांगणार हा.

म्हणून त्या खेपेला मी रजा काढून आले. बारामतीतले मोठे डॉक्टर, नंबर मिळायला मारामार. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, आज शालनला बोलतं करायचं. आणि तू काय केलंस? जरीकाठाची साडी नेसलीस. आंबाडा घातलास. पावडर लावायला गेलीस, उजव्या गालाला हात लावता येईना, तर एकच गाल पांढरा दिसेल म्हणून डाव्याचीही पुसून टाकलीस. "तालुक्याला जायचं, डॉक्टरांसमोर गबाळ्यावानी कसं बसायचं?" वर पिशवीत डॉक्टरांसाठी शेवग्याच्या शेंगा. मी म्हटलं, तू आजारी आहेस की मुलगी बघायला निघालीयस?

दुपार होईस्तोवर आपण त्या बाकड्यावर बसलो. तुला तिथंच दोनदा कळ आली. पहिल्यांदा तू पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकलीस, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसऱ्यांदा माझा दंड असा धरलास की नखं उठली. मग नंबर आला. आत गेलो आणि डॉक्टरांनी विचारलं, "काय बाई, कसं आहे?"

"बरं हाय," तू म्हणालीस.

बरं हाय! अगं, रस्त्यात कुणी पाहुणा भेटल्यासारखं! वर त्यांनाच विचारलंस, "तुमचं समदं बरं हाय ना, डॉक्टर?" ते हसले. त्यांनी तुझ्याकडं बघितलं. चांगली साडी, चापूनचोपून केस, तोंडावर हसू. मग म्हणाले, "दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल? दहा म्हणजे सहनच होत नाही."

तू जरा विचार केलास. आणि म्हणालीस, "चार."

मी ओरडले तिथंच. "चार? आत्ता बाहेर माझा दंड फोडलास की!" दादानं मला डोळ्यांनी दटावलं. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला बोलू द्या." आणि पेशंटनं मान खाली घालून सांगितलं, "चारच. कदी पाच." चारच्या गोळ्या मिळाल्या. अंगदुखीला देतात त्याच.

बाहेर आल्यावर मी तुला किती बोलले ते आठवतंय? लिंबाच्या झाडाखाली, लोक बघत होते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि तोंडाच्या एका अंगानं, ओठ हलू न देता म्हणालीस, "वन्सं, दहा कसं म्हनायचं? तिथं ती बाई बघितली न्हवं तुमी, पाय कापल्याली? मी दहा म्हनल्यावर तिनं किती म्हनायचं?"

मला ते पटलं नव्हतं, शालन, आजही पटत नाही. दवाखाना म्हणजे काय पंगत आहे, की वाढणाऱ्यानं विचारलं तर "बास बास, अर्धीच" म्हणायचं? पाय कापलेल्या बाईनं तिचं दहा म्हणावं, तू तुझं म्हण. तुझं कमी सांगून तिचं काय कमी होणार होतं? हे मी तुला परत परत सांगितलं, फोनवर सांगितलं, दिवाळीला सांगितलं. तू दर वेळी "व्हय वन्सं" म्हणायचीस. तुझ्या त्या "व्हय वन्सं"चा मला एवढा राग यायचा की काय सांगू.

नंतर देवानं की नशिबानं, ती डॉक्टरीण भेटली. बारामतीतच, दुसऱ्या एका दवाखान्यात नवीन आलेली, प्राजूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं मार्क विचारले नाहीत. तिनं विचारलं, "काकू, भाकरी कशी खाता?" आणि तू सांगायला लागलीस! भाकरी दुधात कुस्करते, डावीकडून गिळते, गरम चालत नाही, गार चालत नाही, दोन घासांनंतर कळ आली की ताट सारते, घरच्यांनी बघू नये म्हणून चुलीपुढं पाठ करून बसते. आम्हालाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. मग तिनं कापसाचा बारीक पुंजका तुझ्या गालाला लावला आणि तू खुर्चीतून उडालीस. इतक्या वर्षांत तुझ्या गालाला हात लावणारी ती पहिली. म्हणाली, "दातांचा काही संबंध नाही. चेहऱ्याची शीर आहे ही. दुखण्यात याच्यावरचं दुखणं क्वचितच असेल." तेव्हा तू रडलीस. दुखलं म्हणून नाही. कुणीतरी खरं मानलं म्हणून.

तिनं गोळी दिली. आधी थोडी, मग वाढवत नेली. पहिले काही दिवस तुला गरगरलं, झोप यायची, भिंत धरून चालायचीस. ती म्हणाली होती तसंच झालं, हळूहळू ते बसलं. आणि मग मी एकदा वडगावला आले तर तू अंगणातल्या नळाखाली ओंजळीनं तोंडावर पाणी मारत होतीस. गार पाणी. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. साडी भिजली, केस भिजले. मला बघून म्हणालीस, "वन्सं, तोंड धुतीया!" मी तिथं पिशवी टाकली आणि तुला मिठी मारली. त्या रविवारी तू कांदा फोडून भाकरी खाल्लीस, डाव्या बाजूनं का होईना, करकरा चावून. दादानं कौतुकानं अजून एक कांदा आणला. ते काही महिने मला आयुष्यभर पुरतील. त्या पोरीला, त्या डॉक्टरणीला, मी अजून मनात हात जोडते.

ती म्हणाली होती, गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आणि जमलं तर पुण्याला नेऊन ऑपरेशनचं बघू, त्या शिरेवर रक्तवाहिनी दाबतेय ती सोडवता येते. तू म्हणालीस, "प्राजूचं लगीन हू द्या, मग बघू."

प्राजूचं लग्न.

माळेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात, घर चांगलं. मध्यस्थ तात्या, दादाचे जुने मित्र. पोरगी तेव्हा बारामतीत नोकरीला होती, तिथंच राहायची, शनिवारी घरी यायची. दोघं एकमेकांना भेटली, पसंती झाली. एके दिवशी दादा गावातल्या मेडिकलमध्ये तुझी गोळी आणायला गेला. दुकानदार पाकीट उलटं-सुलटं करत भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "ही तर फिटची गोळी. तुमच्यात कुणाला फिट येती?" आणि शेजारी तात्या उभे.

संध्याकाळी तात्या घरी आले. दादानं समजावलं, फिट नाही, शिरेच्या दुखण्यालाही तीच गोळी चालते. तात्या म्हणाले, "मला पटतंय. पर त्या लोकांना कोन पटवनार? आईला फिट म्हंजी लेकीला येनार, असंच बोलत्याल. सुपारी फुटायची हाय अजून." तू चहा टाकायला आत होतीस. तू सगळं ऐकलंस. दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. दादा म्हणाला होता, डॉक्टरला विचारू. तू म्हणालीस, "ती नगंच म्हननार. कशाला इच्यारायचं? लगीन होईस्तवर कळ काढती." हे दादानं मला खूप नंतर सांगितलं, मान वर न करता.

प्राजूला कुणी काही सांगितलं नाही. मलाही नाही. आणि मुलाकडच्यांना तर नाहीच नाही.

मला कळलं ते मांडवात. पोरगी निघाली, बायका गळ्यात पडून रडत होत्या, तू पदराचा बोळा तोंडात धरून खांबाला टेकली होतीस. सगळ्या हळहळल्या, आईचं काळीज, लेक चालली. मी तुझा चेहरा बघितला आणि ओळखलं. असली रड लेकीसाठी नसते. ती मला त्या बाकड्यावरून ठाऊक होती. मंडपामागं नेऊन तुला विचारलं, तेव्हा तू सांगितलंस. मी तुला हलवलं, शालन, दोन्ही खांदे धरून. म्हटलं, आता झालं ना लग्न? उद्यापासून घ्यायची. तू म्हणालीस, "नवंनवं हाय तिचं. पयली दिवाळी हू दे." दिवाळी झाली. मग म्हणालीस, "तिला दिवस गेल्यात. बाळंतपन हू दे." नातू झाला. मग त्याचं बारसं. तुझ्या लेकीचा संसार तुझ्या एका गोळीनं मोडणार होता की काय? कसली भीती गं ही? कुणी घातली तुझ्या डोक्यात? तात्यांनी? दुकानदारानं? की आपण सगळ्यांनीच, पिढ्यान्‌पिढ्या, पोरीच्या लग्नापुढं आईची काय किंमत हे असंच शिकवून ठेवलंय?

आणि मधल्या काळात दुखण्याला काय? पेनकिलर. त्या मिळायला कुणाची चिठ्ठी लागत नव्हती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, चॉकलेटासारख्या. जास्त झालं की गावातल्या डॉक्टरची कंबरेत सुई. त्यांनी तुला कधी विचारलं नाही की बाई, इतक्या गोळ्यांचं काय करतेस. फिटच्या गोळीवर गावभर चर्चा, आणि किडन्या खाणाऱ्या गोळ्या हसत हसत पुडीत बांधून मिळत होत्या! पाय सुजले तेव्हा म्हणाले, उभं राहून सुजले असतील. तोंड सुजलं तेव्हा आई म्हणाली, सुनेच्या अंगावर मांस आलंय. बारामतीला तपासणी झाली तोवर दोन्ही किडन्या गेलेल्या. त्या डॉक्टरणीनं तुझी चौकशी केली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला एक फोन तरी करायचा होता." ऑपरेशनचं नाव आता कुणी काढेना. तुझी मूळची गोळी तिनं जपून परत सुरू केली, पण तोवर तुझ्यात काही उरलंच नव्हतं.

लोक विचारतात, शालनला काय झालं होतं? घरचे सांगतात, किडनी. मी सांगते, तिला काही झालं नव्हतं. गाल दुखत होता. त्यावर गोळी होती, ती तिला लागू पडली होती.

शेवटच्या आठवड्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर तू मला बोलावलंस. आवाज पार गेला होता. म्हणालीस, "वन्सं, प्राजूला सांगू नगा हां. गोळीचं. ती जल्मभर मनाला लावून घील." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुझा हात धरून बसले. मग तुला आत नेलं. तुझ्या शेवटच्या शब्दांतही तू दुसऱ्याचीच काळजी करत होतीस, आणि मला तेव्हाही रडू नाही, संताप आला. देवा, मी कसली बाई आहे, असं वाटलं. पण आला, तर आला.

आता कालचं सांगते. तुला सांगायलाच पाहिजे.

जेवणं उरकली, पाहुणे हळूहळू निघाले. मी गोठ्यापाशी उभी होते, तिथं प्राजू आली. मांडीवरचं पोर तिनं सासूकडं दिलेलं. तोंड सुकलेलं, डोळे कोरडे. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती. आल्यागेल्याला पाणी दे, भांडी उचल, बापाला गोळी दे, सगळं यंत्रासारखं. सगळे म्हणत होते, आईवर गेलीय हो. मला म्हणाली, "आत्या, एक विचारू? त्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आईनं मधीच गोळी सोडली म्हणून हे सगळं झालं. का सोडली तिनं?"

मी तोंड उघडलं. गरगरायचं, झोप यायची, असं काहीतरी सांगणार होते. तयारच होतं ओठांवर. तुझा शब्द कानांत होता. आणि मग मला वाटलं, नाही. या घरात दुखणं लपवून लपवून एक बाई गेली. आता तिच्या मरणाचं कारणही लपवायचं? प्राजू आयुष्यभर समजत राहणार की आईनं हलगर्जी केली? मी सांगितलं. सगळं. मेडिकल, तात्या, सुपारी, "लगीन होईस्तवर कळ काढती". शिव्या दे मला हव्या तेवढ्या.

ती अगदी हळू म्हणाली, "अगं, पण मी त्यांना सांगितलं होतं."

"कुणाला?"

"ह्यांना. पहिल्याच भेटीत. बारामतीत चहा प्यायला बसलो तेव्हा. म्हटलं, माझ्या आईचा चेहरा दुखतो, तिला एक गोळी चालू आहे, ती फिटवर पण देतात, तुमच्या घरात चालेल का? आधीच सांगते. तर हे म्हणाले, त्यात काय? आईंना बरं वाटतंय ना? घरी गेल्यावर त्यांच्या आईलाही सांगितलं त्यांनी. कुणालाच काही वाटलं नव्हतं, आत्या. कुणालाच."

ऐकलंस, शालन? माळेगावात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं.

मी गव्हाणीचा लोखंडी बार धरला. प्राजू म्हणाली, "मला विचारायचं तरी तिनं. एकदा तरी विचारायचं." आणि मग ती फुटली. मी माझ्या आयुष्यात असा हंबरडा ऐकला नाही. "आई गं!" म्हणून जी ओरडली ती शेणातच खाली बसली, छाती बडवत, "मला विचारायचं, मला विचारायचं" करत. ओसरीवरून माणसं धावली. तात्या आले. आई काठी टेकत आली, कुणी म्हणालं, "गप पोरी, गप, पाहुनं हायेत," आणि एक बाई पदर घेऊन तिच्या तोंडावर धरायला वाकली.

मी तो पदर हिसकून बाजूला केला. गाडीतली शेवटची सीट ऐकेल इतक्या आवाजात म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही तिला. दुखतंय तिचं. ओरडू दे."

तात्या दारातून मागं सरले. दादा आला, तिच्याजवळ शेणात बसला आणि तोही मोठ्यानं रडायला लागला. दोघांना कुणी गप्प केलं नाही. शेजारच्या गल्लीतून माणसं दाराशी येऊन उभी राहिली, त्यांनी सगळं ऐकलं. मी त्यांना ऐकू दिलं.